मशीनवरचा दिवा

हरिश्चंद्र पेंडुरकरांच्या घरी ट्यूब लागायची ती फक्त दिवेलागणीच्या नमस्कारापुरती. संध्याकाळ झाली की ते स्वतः उठून बटण दाबत, ट्यूब दोनदा लुकलुकून पेटे, घरातली माणसं हात जोडत, आणि जोडलेले हात सुटायच्या आत ट्यूब बंद झालेली असे. लक्ष्मीला तोंड दाखवून झालं, आता तिला बसवून ठेवायची गरज नाही, असा एकूण खाक्या. त्यानंतर झोपेपर्यंत हॉलमध्ये एक मंद पिवळा बल्ब आणि स्वयंपाकघरात झिरोचा लाल दिवा. त्या लाल उजेडात त्यांची बायको शैला भाजी चिरायची. कोथिंबीर काळी दिसायची आणि टोमॅटो पांढरा.

पंखा एकच, हॉलमधला. ज्याला वारा हवा त्याने पंख्याखाली येऊन बसावं, पंखा माणसाच्या मागे फिरणार नाही. फ्रिज उघडण्याआधी काय काढायचं ते ठरवून घ्यायचं. उघडून विचार करत उभं राहिलं की मागून घसा खाकरल्याचा आवाज यायचा. दारावरची बेलसुद्धा त्यांनी काढून टाकली, कारण तिच्यात एक इवलासा लाल ठिपका रात्रंदिवस जळत असे. आलेल्याने कडी वाजवावी.

गरिबी असती तर कोणी नाव ठेवलं नसतं. गरिबाच्या घरी अंधार असतो आणि त्याची त्याला लाजही वाटते. पण पेंडुरकर बंदरातल्या कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, पेन्शन चालू, मुलगी रसिका लग्न होऊन डोंबिवलीला सुखात. घरातला अंधार हा त्यांचा दागिना होता. कॉलनीतल्या एका मंडळाने वीज वाचवणारा आदर्श नागरिक म्हणून त्यांना शाल आणि नारळ दिला होता. ती शाल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्यांनी भिंतीवर टांगली होती. अंधारात ती कोणाला दिसत नसे ही गोष्ट वेगळी.

आणि शैलाचं मागणं काय होतं म्हणाल, तर मशीनवर एक दिवा. एवढंच. परळची खोली विकून हे कुटुंब मीरा रोडला, बेव्हर्ली पार्कातल्या चार मजली इमारतीत राहायला आलं, तेव्हा तिने आपलं पायमशीन आतल्या खोलीत ठेवलं. त्या खोलीला खिडकी होती, पण बिल्डरने पलीकडची इमारत इतकी लगटून बांधली होती की त्या खिडकीतून शेजाऱ्यांच्या न्हाणीघराची जाळी सोडून काही दिसत नसे. दिवसाढवळ्या तिथे संध्याकाळ. तिथे बसून शैला आजूबाजूच्या सगळ्या बायकांचे ब्लाउज शिवायची. हात इतका बसलेला की समोरच्या हंसाबेन आपल्या सुनांनाही तिच्याकडेच आणत. साडी नको, सोनं नको, चारधाम नको, सुई दिसेल एवढा उजेड द्या, असं तिने नवऱ्याला किती वेळा सांगितलं त्याला सुमार नाही. ते म्हणत, बघू. पेंडुरकरांचं 'बघू' म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

माणूस स्वतःच्या घरात अंधार करून थांबला असता तरी बिघडलं नसतं. पण ते सोसायटीचे सेक्रेटरी झाले. सेक्रेटरी होताच त्यांनी जिन्यातले एक सोडून एक बल्ब काढले, आणि चौथ्या मजल्यावरून गच्चीकडे जाणाऱ्या जिन्यातला तर कायमचाच. गच्चीत रात्रीचं काय काम, असा त्यांचा सवाल होता. सभेत कोणी बोललं नाही, कारण दुसऱ्या कोणाला सेक्रेटरी व्हायचं नव्हतं.

त्या घरात शैलाचे डोळे कधी अधू व्हायला लागले, हे कोणालाच कळलं नाही. शैलालाही नाही. दाराच्या चौकटीवर खांदा आपटू लागला. ओट्याच्या कडेला ठेवलेलं पातेलं हाताला लागून खाली यायचं. सुई खाली पडली की ती जमिनीवर तळहात फिरवत बसायची. तिला वाटायचं, बल्ब म्हातारा झाला असेल. स्टुलावर चढून ती बल्ब पदराने पुसायची. दुसऱ्या कुठल्याही घरात हे कोणाच्या तरी लक्षात आलं असतं, सगळ्यांना दिसतंय आणि एकीलाच दिसत नाही, हे उघड झालं असतं. इथे सगळेच चाचपडत होते. तिने तक्रार केली की पेंडुरकर हसायचे आणि म्हणायचे, मोठा बल्ब मिळवायची ही नवी युक्ती दिसतेय.

एकदा हंसाबेन धाकट्या सुनेचा ब्लाउज परत घेऊन आल्या. काळ्या कापडावर शैलाने गडद निळ्या धाग्याने शिवण घातली होती आणि एक बाही उलटी लावली होती. हंसाबेन भल्या बाई. त्या म्हणाल्या की चुकून झालं असेल, उसवून दे, घाई नाही. शैलाला मात्र ते फार लागलं. रात्री तिने नवऱ्यापुढे हात जोडले, नमस्कारापुरत्या ट्यूबसमोर जोडायची तसेच.

दोन हजार सहा सालच्या उन्हाळ्यात पेंडुरकर भाईंदरला कसल्याशा प्रदर्शनाला गेले आणि तिथे त्यांनी सोलरचं पॅनेल पाहिलं. घरी आले ते झपाटल्यासारखे. उन्हाची वीज, मीटरला पत्ता नाही, महिन्याचं बिल नाही. रात्री जेवताना ते आपणहून बोलले, हेच एक नवल.

"पॅनेल बसलं की पहिला दिवा तुझ्या मशीनवर. शब्द देतो."

शैलाने घास हातात तसाच धरला. मग ती आत गेली आणि आईने लग्नात घातलेल्या दोन्ही पाटल्या काढून त्यांच्यापुढे ठेवल्या. मागितल्या नव्हत्या त्यांनी, पण नकोही म्हणाले नाहीत. नाव हरिश्चंद्र होतं म्हणून तिचा विश्वास बसला, असं नाही. माणसाला जे फार हवं असतं, ते देणाऱ्याचा इतिहास तो बघत नाही.

गच्चीत पाण्याच्या टाकीशेजारी लोखंडी सांगाड्यावर दोन पॅनेलं चढली. सोसायटीची परवानगी लागायची, ती सेक्रेटरीने सेक्रेटरीला दिली. बॅटरीच्या वेळी मात्र मूळ स्वभाव उसळून आला. बसवणाऱ्याने सोलरची वेगळी बॅटरी घ्या म्हणून सांगितलं होतं. पेंडुरकर काशीमीऱ्याला गेले आणि एका गॅरेजमधून मोडीत निघालेल्या ट्रकची बॅटरी रिक्षात घालून घेऊन आले. ट्रक ओढते ती चार दिवे ओढणार नाही का, असं ते सगळ्यांना विचारत होते. ट्रकची बॅटरी एक दणका देऊन इंजिन सुरू करायची असते, रोज संध्याकाळी सावकाश झिरपायची नसते, हे त्यांना कोणी सांगितलं तरी ऐकायचं नव्हतं. ती बॅटरी तासाभरात धापा टाकायला लागे.

म्हणजे उजेड आला तोही जेमतेम. आणि जेमतेम उजेड कुठे लागला, तर हॉलमध्ये. पेंडुरकरांकडे आता बघे येत होते. वरच्या मजल्यावरचे, शेजारच्या सोसायटीतले, मंडळातले. त्यांना दाखवायला दिवा हॉलमध्येच हवा. दिवा लख्ख पांढरा होता, गुंडाळीसारखा वळलेला. पाहुणे आले की लागायचा, पाहुणे जिना उतरायला लागले की बंद. पाहुणे अर्धा जिना अंधारातच उतरत. शैला आतल्या खोलीत मशीनवर हात ठेवून बसायची आणि दाराच्या फटीतून येणारी पांढरी रेघ बघायची. पहिल्यांदा तिने आठवण केली तेव्हा ते म्हणाले, बॅटरी बसू दे जरा. नंतर म्हणाले, पावसाळा आहे, ऊन कुठाय. दिवाळीत म्हणाले, ऊन फुकट आहे म्हणून बॅटरी फुकट नाही. सूर्याचीसुद्धा काटकसर करणारा माणूस तिने दुसरा पाहिला नव्हता. तिला त्या वेळी त्यांचा इतका संताप यायचा की रात्री त्यांच्या घोरण्याचा आवाज ऐकत ती उशी मुठीत धरून पडून राहायची. पण बोलली काही नाही. बोलून मिळालं असतं तर कधीच मिळालं असतं.

दुसरं वर्ष उलटायला आलं. शैलाकडे आता ब्लाउज येत नव्हते. बायका सांगत की सध्या रेडिमेडच घेतो. ती जुन्या चादरींना काठ मारत बसायची, तेही बोटांनी चाचपून.

मग मंडळाच्या ओळखीने एका स्थानिक पाक्षिकाचा माणूस येणार असं ठरलं. सौरऊर्जा वापरणारं घर, असा मजकूर आणि सोबत फोटो. नुसत्या दिव्याचा फोटो काय काढणार, घरातली कोणीतरी काम करताना हवी, असं त्या माणसाने सुचवलं. पेंडुरकरांना एकदम आठवलं की आपल्या बायकोचं शिवणयंत्र आहे. ज्या कामासाठी तिने पाटल्या उतरवल्या, ते काम फोटोसाठी एका दुपारीत झालं. वायर आतल्या खोलीत ओढली, मशीनच्या वर भिंतीला होल्डर ठोकला, दिवा लावून पाहिला आणि लगेच बंद केला, बॅटरी भरलेली राहावी म्हणून.

संध्याकाळी ती छोटी खोली माणसांनी भरली. फोटोवाला, मंडळाचे दोघं, दारात हंसाबेन. शैलाने ठेवणीतली अंजिरी साडी नेसली होती. फोटोसाठी नव्हे. आज मशीनवर दिवा लागणार होता, त्यासाठी. तिने मुद्दाम जपून ठेवलेला पांढरा खणाचा तुकडा घेतला, सुईखाली सरकवला, दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं केलं आणि मान खाली घालून थांबली. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. पेंडुरकर काहीतरी बोलत होते, पृथ्वी आणि पुढच्या पिढ्या वगैरे. ती थांबून राहिली. शेवटी तिला राहवेना.

"अहो, लावा ना दिवा."

पेंडुरकरांचं भाषण थांबलं. तिला वाटलं, बॅटरी पुन्हा दगा देतेय. तिने हसून मान वर केली आणि पुन्हा म्हणाली, "लावा की आता. सगळे खोळंबलेत."

दारातून हंसाबेनचा आवाज आला, अगदी हळू.

"शैलाबेन, लाइट तो चालू है."

तिने हात वर नेला. बोटांना काचेची ऊब लागली. त्या पांढऱ्याशुभ्र उजेडात सुई तिच्यापासून वीतभर अंतरावर होती, आणि तिथे करडं, दाट काहीतरी साचलेलं होतं, जे तिने इतकी वर्षं नवऱ्याचा अंधार समजून सोसलं होतं. फोटोवाल्याने विचारलं, मॅडम जरा खाली बघाल का. तिने खाली बघितलं. फोटो छान आला म्हणतात.

भाईंदरच्या डोळ्यांच्या डॉक्टरने काचबिंदू सांगितला. जे गेलं ते परत येत नाही, उरलंय ते थेंब घालून सांभाळा. उरलं होतं ते खिडकी कुठे आणि भिंत कुठे एवढं कळण्यापुरतं. वेळेवर आला असतात तर याच थेंबांनी डोळे टिकले असते, असं तो म्हणाला, आणि मग त्याने ते विचारलं जे कोणीही विचारलं असतं. इतके दिवस लक्षात कसं आलं नाही?

"आमच्या घरात अंधारच असतो, डॉक्टर," शैला म्हणाली.

पेंडुरकर शेजारच्या खुर्चीत होते. त्यांच्या तोंडून काय येतं याची तिने वाट पाहिली. त्यांनी डॉक्टरला विचारलं की दिवसा एवढ्या ट्यूब लावून ठेवायची गरज असते का.

त्याच आठवड्यात त्यांनी मशीनवरचा दिवा काढून पुन्हा हॉलमध्ये नेला. हातासरशी आतल्या खोलीतला बल्बही काढला. शैला पलंगावर बसून स्टुलाची कुरकुर ऐकत होती. संध्याकाळी रसिकाचा फोन आला, आईचं कसं आहे विचारायला. सांगता सांगता पेंडुरकरांनी ही व्यवस्थाही सांगितली, आणि त्यात त्यांना खरोखर काही वावगं वाटत नव्हतं.

"तिला आता दिवा कशाला लागतो?"

पलीकडे रसिका गप्प होती. लेकीने एक शब्द बोलावा म्हणून शैलाने श्वास रोखून धरला. मग पेंडुरकर म्हणाले, हो हो, ठेवतो, आणि फोन ठेवला.

असा बैल गेला, झोपाही केला, आणि वर झोपा मोडून सरपणही केलं. शैला त्यानंतर रडली नाही. ती अंधार शिकली. भांडं कुठे, मीठ कुठे, जिन्याच्या कोणत्या पायरीचा कोपरा फुटलाय, सगळं हाताने आणि तळपायाने पाठ केलं. आतल्या खोलीत आता पेंडुरकरच धडपडत. तिला कशाचीही ठेच लागत नसे. महिनाअखेर ते बिल हातात घेऊन ते केवढं उतरलं हे तिला वाचून दाखवत, आणि ती म्हणे, छान झालं.

काशीमीऱ्याच्या हमरस्त्याची आणि चालू बांधकामांची धूळ पॅनेलांवर रोज बसायची. तापलेल्या काचेवर पाणी टाकलं तर तडा जाईल, म्हणून पेंडुरकर ऊन उतरल्यावर बादली आणि फडकं घेऊन गच्चीत जात. उतरायला कधी कधी अंधार व्हायचा. टॉर्च नेत नसत, सेल संपतात म्हणून. असेच एका संध्याकाळी ते गच्चीच्या जिन्यात, बल्ब नसलेल्या त्या जिन्यात, फुटक्या पायरीवरून घसरले. बादलीचा आवाज आधी आला, मग त्यांचा.

शैला तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या दारात होती. ती वर निघाली. अंधार तिला आडवा येत नव्हता, त्यामुळे ती सरळ त्यांच्यापाशी पोचली. हात फिरवला तेव्हा पाय विचित्र वळलेला लागला आणि डोक्यामागे ओलं लागलं. ते पाणी नव्हतं.

"कोण आहे? दिवा लावा कोणीतरी," पेंडुरकर म्हणाले. "मला काही दिसत नाही."

"इथे दिवा नाही," शैला म्हणाली. "तुम्हीच काढलाय."

ती त्यांच्या उशाशी पायरीवर बसली. त्यांचा हात हवेत काहीतरी शोधत होता, तिचा जमिनीवर सुई शोधायचा तसा, आणि तिला त्याच्याकडे बघून, म्हणजे ऐकून, दया आली नाही. वाईट वाटावं म्हणून तिने जरा वाट पाहिली. मग तिने हंसाबेनना हाक मारली. लगेच मारली असं मात्र म्हणता येणार नाही.

माणसं टॉर्च घेऊन धावली, ॲम्ब्युलन्स आली, इस्पितळात चकचकीत उजेडात ते दोन दिवस होते. शुद्धीवर आले नाहीत. घरी आणलं तेव्हा देह हॉलमध्ये ठेवला, त्यांच्या त्या पांढऱ्या दिव्याच्या बरोबर खाली. भेटायला येणाऱ्यांसाठी कोणीतरी तो लावला होता. तासाभराने तो मंदावत गेला आणि विझला.

त्यांना नेल्यावर त्या जागी रीतीप्रमाणे पीठ पसरलं, त्यावर तेलाचा दिवा ठेवला, वर टोपली झाकली. गेलेल्याला पुढची वाट दिसावी म्हणून हा दिवा असतो, तो दहा दिवस विझू द्यायचा नाही, असं शेजारच्या म्हाताऱ्या बायका बजावून गेल्या. रसिका राहिली होती. ती उठता बसता तेल घालत होती आणि आईला सांगत होती की मी आहे, तू बघू नकोस. बघू नकोस म्हणताच ती ओशाळायची.

पाचव्या दिवशी रसिका दुपारी खाली वाण्याकडे गेली. शैला पलंगावरून उठली आणि हॉलमध्ये आली. भिंतीला धरायची तिला गरज नव्हती. ती वाकली, टोपली बाजूला केली, तळहात पुढे नेऊन ज्योतीची ऊब कुठून येते ते ठरवलं, आणि दोन बोटांच्या चिमटीत वात धरून दाबली. बोटं पोळली. शिवणकाम करणाऱ्या बाईच्या बोटांना त्याचं काय. टोपली जशी होती तशी ठेवून ती पंख्याखाली जाऊन बसली. पंखा तिने मोठा केला.

रसिका आली, तेलाची बाटली घेऊन बसली, टोपली उचलली आणि थबकली. तिने कावरीबावरी होऊन विचारलं की हा विझला कसा, वारा लागला का, आता काय करायचं.

"वारा नाही लागला. मीच विझवला," शैला म्हणाली. "त्यांना आता दिवा कशाला लागतो?"

रसिकाने ते वाक्य ओळखलं. फोनवर ऐकलं होतं तेव्हा ती गप्प बसली होती, आताही गप्प बसली. काडेपेटी शोधायला ती उठलीही, पण पेटी आईच्या मुठीत होती.